ढब्बूच्या नाकाएवढ्या उंचीवर

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे हे तुम्ही मला पाहताच ओळखाल. माझं पितळ काळवंडलं आहे, कडेला एक पोचा आहे आणि माझ्या कडीतली दोरी तर चौथी की पाचवी आहे. पण मी कशाची घंटी आहे, हे मात्र तुम्हाला ओळखता यायचं नाही. शाळेची म्हणाल, तर मी फारच लहान. सायकलची म्हणाल, तर चाकाशी माझा कधी संबंध आला नाही. मी एका कुत्र्याची घंटी आहे. लगेच त्याच्या गळ्याकडे पाहू नका, मी दारावर असते. कुत्र्याला बाहेर जायची घाई झाली की त्याने मला नाकाने ढकलायचं, मी वाजायचं आणि माणसांनी दार उघडायचं, असं आमचं ठरलेलं होतं. हसा, खुशाल हसा. मला त्या कामाची कधी लाज वाटली नाही.

एका ओताऱ्याने मला साच्यात ओतलं, घासून लख्ख केलं आणि माझ्या पोटात एक लोंबती जीभ अडकवली. माझी पहिली नोकरी चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाईक दार ढकलायचं, मी वाजायचे, आणि पेंगणारे दुकानदार दचकून ताठ बसायचे. पुढे ते थकले, दुकान बंद झालं आणि मी भंगारवाल्याच्या टोपलीत जाऊन पडले. गंजलेली कुलुपं आणि बिनकिल्लीची घड्याळं यांच्यात मी तीन वर्षं काढली. कोणी हलवलंच नाही, तर आपला आवाज कसा आहे हेसुद्धा आपण विसरून जातो.

एके दिवशी एक बाई डब्याचं झाकण शोधत आली. तिने मला उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि म्हणाली, "ही चालेल. आवाज गोड आहे, पण घरभर जाईल." तिच्या पायाशी एक तपकिरी, जाडजूड कुत्रा बसला होता. त्याचा एक कान उभा होता आणि दुसरा कायमचा पडलेला. तो ढब्बू.

त्या बाईला सगळे सिस्टर म्हणत. इस्पितळातून घरी सोडलेल्या रुग्णांच्या घरी राहून ती त्यांची सेवा करायची. इथे दीड महिना, तिथे तीन महिने. स्वतःची खोली तिने केव्हाच सोडून दिली होती, कारण तिथे राहायला ती कधी नसायचीच. एक बॅग आणि ढब्बू, एवढाच तिचा संसार. त्यात मी आले.

आता दुसऱ्याच्या घरी कुत्रा घेऊन राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही. माणसं कुत्र्याचे केस सहन करतील, भुंकणं सहन करतील, पण फरशीवरचं तळं कोणी सहन करत नाही. आणि कुत्र्याची अडचण अशी, की एका घरात शहाणा झालेला कुत्रा दुसऱ्या घरातही शहाणाच राहील असं नसतं. कुठल्याच घरात असं चालत नाही, हे त्याला आपोआप कळत नाही. त्याला एक घर कळतं, मग दुसरं कळतं. प्रत्येक घर त्याला नव्याने शिकवावं लागतं.

सिस्टरची पद्धत ठरलेली होती. नव्या घरी पोचलं की ती बॅग पायरीवरच ठेवायची. आधी ढब्बूला घेऊन घराभोवती फिरायची, एखादा आडबाजूचा कोपरा निवडायची आणि तिथे उभी राहून म्हणायची, "आटप रे बाबा." त्याने आटपलं की त्याचं असं कौतुक करायची, की जणू पोरगा परीक्षेत पहिला आला. मगच दोघं घरात पाऊल टाकत. पहिले दोन दिवस ती त्याचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून ठेवी. ती रुग्णाचा ताप बघायला गेली की ढब्बूही गंभीर चेहऱ्याने ताप बघायला हजर. आणि मला ती बाहेरच्या दाराच्या मुठीला लांब दोरीने बांधायची, बरोबर ढब्बूच्या नाकाएवढ्या उंचीवर. दर वेळी बाहेर निघताना ती त्याचं नाक मला लावायची, मी वाजायचे, आणि मगच दार उघडायचं. त्याचं नाक गार आणि ओलं. पहिल्या दिवशी मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू? पण आठ दिवसांत मी त्याची वाट पाहायला लागले.

ढब्बू काही साधा नव्हता. खारीमागे धावायची हुक्की आली तरी तो मला ढकलायचा. पण सिस्टर त्याच्या वरताण. ती त्याला न चुकता कोपऱ्यातच नेऊन उभं करायची, थोडं थांबायची आणि काही झालं नाही तर मुकाट्याने घरात आणायची. अशा चार फुकट फेऱ्या झाल्यावर गडी सरळ झाला.

आमचे सर्वांत चांगले दिवस एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेले. त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि चालायचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. पण मी वाजले की ते पलंगावरून ओरडायचे, "अहो सिस्टर, तास संपला! सोडा त्याला!" एकदा सिस्टरचे हात कणकेत होते. गुरुजी वॉकर धरून उठले, धापा टाकत दारापाशी आले आणि त्यांनी स्वतः दार उघडलं. त्या दिवसापासून ते काम त्यांचंच झालं. महिन्याभरात ते हिंडूफिरू लागले आणि आम्ही बॅग भरली. आमच्या धंद्यात हे असंच. माणूस बरा झाला की आपण त्याला नकोसे होतो असं नाही, पण लागत नाही. निघताना सिस्टर मला दारावरून सोडवायची आणि बॅगेच्या कप्प्यात ठेवायची. त्या अंधारात मला फार एकटं वाटायचं. मग ढब्बू बॅगेला नाक लावून हुंगायचा आणि मला जरा बरं वाटायचं.

आता ज्या घराबद्दल सांगायचं आहे, तिथे मी येते. तिथल्या काकूंची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांना झोप लागायची नाही, आणि लागली तरी जरा खुट्ट झालं की मोडायची. मुलगा दिवसभर कामावर. घरचं, बाहेरचं आणि सासूचं करून सुनेचे डोळे पार खोल गेले होते. मुलाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "कुत्रा राहू द्या, माझी ना नाही. पण घरात एकदा जरी घाण झाली, तरी त्याला दुसरीकडे ठेवावं लागेल. आईला जंतूंचा संसर्ग झाला, तर डॉक्टर मला विचारतील."

"एकदाही होणार नाही," सिस्टर म्हणाली. तिने हे माझ्या आणि ढब्बूच्या भरवशावर सांगितलं होतं.

आणि तीन आठवडे एकदाही झालं नाही.

एका दुपारी सिस्टर औषधं आणायला गेली. दोन दिवसांनी पहिल्यांदाच काकूंचा डोळा लागला होता. सून दबक्या पावलांनी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंच्या खोलीकडे पाहिलं, आणि औषधांच्या खोक्यातला कापूस घेऊन माझ्या पोटात गच्च कोंबला. तिचा हेतू वाईट नव्हता. सासूला तासभर झोप मिळावी, एवढंच तिला हवं होतं. सिस्टर आली की सांगू, असं मनाशी म्हणून ती खुर्चीत टेकली. इतक्या दिवसांची दमलेली बाई, टेकताक्षणी झोपी गेली.

थोड्या वेळाने ढब्बू आला. त्याने मला नाक लावलं. मी हलले, पण आवाज नाही. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ढकललं, या वेळी जोरात. मग पंजा मारला. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने हलत होते, पण तोंडात बोळा असलेल्या घंटीने काय करावं? तो सिस्टरला शोधायला आत गेला, तसाच मान खाली घालून परत आला आणि आपलं नाक माझ्यावर टेकवून नुसता उभा राहिला. किती वेळ उभा होता, ते मला सांगवत नाही. शेवटी गालिच्याच्या कडेला तो अंग चोरून बसला. मग दाराआड जाऊन त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मुलगा घरी आला तो नेमका त्या गालिच्यावर पाय देऊन. सिस्टर त्याच्या मागोमागच पोचली. तो चढ्या आवाजात बोलला नाही. "सिस्टर, आपलं ठरलं होतं," एवढंच म्हणाला. सिस्टरचा चेहरा उतरला. तिने सोड्याच्या पाण्याने गालिचा घासला आणि मग ढब्बूसमोर बसून म्हणाली, "असं का रे केलंस? घंटी वाजवायची नाही का?"

घंटी हा शब्द त्याला कळत होता. तो उठला, माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत त्याने मला नाकाने ढकललं. एकदा. दोनदा. तो तिला दाखवत होता. पण तोवर सिस्टर भावाला फोन लावायला वळली होती, मुलगा चपला पुसत होता आणि जागी झालेली सून काकूंकडे धावली होती. कोणी पाहिलं नाही.

सिस्टरचा भाऊ ट्रकचालक. तो संध्याकाळी येऊन ढब्बूला घेऊन गेला. दार उघडलं, लागलं, आणि त्या गडबडीत माझा आवाज आला नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर दूध घ्यायला दारात आली आणि थबकली. तिने दार पुन्हा हलवलं. मग वाकून मला उलटं केलं. कापसाचा तो बोळा हातात घेऊन ती तशीच उंबऱ्यात बसली.

"अगं बाई!" मागून सून म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "सिस्टर, मी सांगणार होते हो. डोळा लागला आणि डोक्यातून साफ गेलं. माझ्यामुळे त्या मुक्या जिवाला..."

"तुम्हाला काय बोलू?" सिस्टर म्हणाली. "मीच त्याला रागावले. त्याने मला दाखवलं असेल हो. मी बघितलंच नाही."

सुनेने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणा त्याला परत. आत्ताच फोन करा."

फोनवर भाऊ वैतागला होता. "ताई, हा कालपासून अंगणात बसलाय. खात नाही, पीत नाही, आणि एक थेंबही केला नाही बघ त्याने. आजारी आहे का गं?"

"तू त्याला जागा दाखवलीस का?"

"कुत्र्याला जागा काय दाखवायची? एवढं अंगण पडलंय!"

सिस्टरला रडू आवरेना. "ते तुझं अंगण आहे रे. कुठे चालतं ते त्याला कुणी सांगितलंच नाही. आधी त्याला कोपऱ्यात ने, आणि 'आटप रे बाबा' म्हण."

भाऊ त्याच दिवशी ढब्बूला सोबत घेऊन ट्रकने लांब जाणार होता. त्यामुळे ढब्बू चौथ्या दिवशी परत आला. सिस्टरने त्याला कवटाळलं आणि त्याने तिचं तोंड चाटून काढलं. तिला त्याने त्याच क्षणी माफ केलं. सुनेलाही केलं, तिच्या हातचं बिस्किट शेपूट हलवत खाल्लं. त्या दिवशी मला सिस्टरने घासूनपुसून चकचकीत केलं होतं. माझ्या पोटात आता काही नव्हतं. मी वाट पाहत होते.

तो दारापर्यंत आला, माझ्याजवळ क्षणभर थांबला, आणि मला वळसा घालून परत फिरला. सिस्टरच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिला कळलं. हातातलं काम टाकून ती उठली.

त्यानंतर तीन घरं झाली. ढब्बूने कुठेही घाण केली नाही, कारण आता सिस्टर डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघते. मला ती अजूनही प्रत्येक घरी बांधते, त्याच उंचीवर. पण त्याने मला पुन्हा नाक लावलेलं नाही. मी बॅगेत असले तरी तो आता हुंगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आपल्या कुत्र्यासह मुक्कामाला आलं, तर त्या कुत्र्याला आधी त्याचा कोपरा दाखवा. त्याने हाक मारायची जी रीत शिकलेली असेल, ती त्रासाची वाटली तरी परस्पर बंद करू नका. आणि त्याच्या हातून चूक झालीच, तर रागावण्याआधी तो तुम्हाला काय दाखवतो आहे ते थांबून बघा. माझं म्हणाल, तर माझी एकच इच्छा उरली आहे. त्याने मला एकदा, फक्त एकदा ढकलून पाहावं. मी वाजेन रे, ढब्बू.