कस्टर्डचं औक्षण
सून श्रिया बँकेत व्हाइस प्रेसिडेंट झाल्याचं कळलं तेव्हा संजीवनीबाई बॅग भरत होत्या. दोन महिने सिंगापूरला, पासिर रिसमध्ये मुलाकडे राहून त्या त्याच रात्रीच्या विमानाने पुण्याला निघाल्या होत्या. बॅग तशीच टाकून त्यांनी सोसायटीतल्या समस्त बायकांना मेसेज पाठवला.

"आई, तिच्या बँकेत एकेका मजल्यावर चाळीस व्हाइस प्रेसिडेंट असतात," निशिकांत म्हणाला.

"असू देत. आपली एकच आहे."

यामागे एक बोच होती. निशिकांतला साधी पगारवाढ मिळाली तरी त्या त्याला ओवाळत. तो इथे आणि त्या तिथे असल्या तर फोनच्या पडद्याला ओवाळत. श्रियाला मागचं प्रमोशन मिळालं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या होत्या, "छान. आता जरा घराकडेही बघ." श्रिया त्यावर काहीच बोलली नव्हती, आणि तिचं ते काहीच न बोलणं संजीवनीबाई दोन वर्षं विसरल्या नव्हत्या. आज तिला ओवाळल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण श्रिया चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून परस्पर जेवायला जाणार होती. तिच्या टीमने ईस्ट कोस्टच्या एका रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलं होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं, आणि जेवून तिथूनच विमानतळ गाठायचा होता. बाईंनी पर्समध्ये निरांजन, तुपातली वात, कुंकू, अक्षता, सुपारी आणि काडेपेटी भरली. रेस्टॉरंट अर्जेंटिनाचं आहे आणि तिथे मुख्यतः स्टेक मिळतो, ही माहिती निशिकांतने टॅक्सीत दिली. स्टेक म्हणजे काय, ही माहिती आठ वर्षांच्या जाईने दिली.

"काऊ, आजी. गाय."

आजींनी पर्समधलं निरांजन नीट आहे ना ते चाचपलं. "बटाटा मिळतो ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

बटाटा मिळाला, चांगला नारळाएवढा. इतरांच्या ताटांत काय चाललंय ते बघायचं नाही, अशा निश्चयाने त्यांनी तो नजर न हलवता संपवला. तरी एक गोष्ट दिसलीच. श्रिया स्वतःच्या मेजवानीत, सासूशेजारी बसून, भाजलेली ढोबळी मिरची खात होती.

ताटं उचलली गेली तसं बाईंनी निरांजन मांडलं आणि काडी हातात घेतली. ती ओढायच्या आत मॅनेजर आपल्या सिंगापुरी इंग्रजीसकट हजर.

"सॉरी आंटी, ओपन फ्लेम कॅनॉट. फायर सेफ्टी."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे भट्टीवर पुरुषभर ज्वाळा उठत होत्या आणि एक माणूस त्यात आणखी लाकडं सारत होता. "ती काय गार आग आहे?" त्यांनी मराठीत विचारलं. निशिकांतने याचं भाषांतर केलं नाही. त्याने घड्याळ दाखवलं. अर्ध्या तासात निघायचं होतं.

"राहू द्या, आई. तुमच्या मनात आलं, तेच खूप आहे," श्रिया म्हणाली. ती इतक्या समजुतीने म्हणाली की बाईंना जास्तच वाईट वाटलं.

वाढदिवसाची मेणबत्ती इथे चालते, हे जाईला ठाऊक होतं. ती आजीच्या कानाशी लागली. "आजी, से बर्थडे लाह. बर्थडे कँडल कॅन."

शुभकार्यात खोटं बोलायचं? बाईंनी क्षणभर विचार केला. मग मॅनेजरला इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "आज हिचा वाढदिवस आहे."

चार वेटर टाळ्या वाजवत, गात आले. बशीत कॅरॅमल कस्टर्ड, त्यावर एक मेणबत्ती. टीमला हा वाढदिवस नवीनच होता, पण तेही गाऊ लागले. बाईंनी सुनेला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली आणि ती लटपटणारी बशी उचलून तिला तीनदा ओवाळलं.

"हे मागच्या वेळीच करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

श्रियाचे डोळे भरून आले. गाणं संपलं आणि सगळे तिला "ब्लो, ब्लो" म्हणू लागले.

श्रियाने फुंकर मारली नाही. जाईच्या पाचव्या वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकण्यावरून या सासू-सुनेने तीन दिवस अबोला धरला होता. ज्योत फुंकून विझवत नाहीत, हे सासूचं म्हणणं. हा केक आहे, देव्हारा नाही, हे सुनेचं. आता तीच सून एसीच्या वाऱ्यापासून ज्योतीला हाताचा आडोसा करून बसली होती.

"आम्ही फुंकत नाही. आपोआप विझेल," तिने टीमला सांगितलं.

सगळे वाट बघत बसले. मेण कस्टर्डवर ठिबकू लागलं. मॅनेजर येऊन घाम पुसत उभा राहिला. "मॅडम, साँग फिनिश ऑलरेडी."

संजीवनीबाईंनी सुनेच्या हाताकडे पाहिलं. चटका बसत असणार, तरी ती तो काढत नव्हती. बाईंनी तो हात हळूच बाजूला केला, ज्योतीला नमस्कार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा फुंकर मारली.

"आई, हे काय केलंत?"

"दोष लागला तर मला लागू दे," बाई पर्स आवरत म्हणाल्या. "मला निशिकांत सोडेल विमानतळावर. तू बस, आणि तुला हवं ते मागव. ढोबळी मिरची खाऊन कुणी व्हाइस प्रेसिडेंट होत नाही."