नितेशचे केस

रंग सुकत नव्हता, आणि माझं डोकं फिरायला तेवढं कारण पुरेसं आहे.

ऑइल पेंटिंगमध्ये घाई चालत नाही हे मला मान्य आहे. आधी पातळ थर, मग तेलकट थर, आणि खालचा थर बोटाला लागेनासा झाला की मगच वरचा. हे सगळं मला बोरिवलीच्या शनिवारच्या क्लासात गंधालीने शिकवलं. गंधाली आमची मॅडम, पण माझ्यापेक्षा इतकी लहान की मी तिला सरळ अगंतुगं करते आणि ती मला सुगंधाताई म्हणते. तिने हेही सांगितलं होतं की सगळ्या रंगांत तपकिरी, म्हणजे बर्न्ट अंबर, पहिला सुकतो. एका रात्रीत, फार तर दोन. पांढरा नाटकं करतो, लाल नाटकं करतो, पण अंबर शहाणा.

मग माझ्या चित्रात गाल सुकले, कपाळ सुकलं, शर्टाची पांढरी कॉलरसुद्धा सुकली आणि अंबरने रंगवलेले केस मात्र आठवडाभर ओलेचिंब. हे काय गणित आहे, मला कळेना.

चित्र माझ्या धाकट्या भावाचं होतं. नितेश. गेल्या वर्षी कुर्ल्याला ऑफिसात बसल्या बसल्या गेला. कॉम्प्युटर चालू, चहाचा कप भरलेला, आणि हा टेबलावर डोकं ठेवून. आजारी नाही, काही नाही. आम्ही चारकोपच्या म्हाडाच्या घरात तिघं राहायचो, आई, मी आणि तो, आता दोघी राहतो. वडील गिरणी बंद पडल्यावर लालबाग सोडून इथे आले आणि इथेच गेले. मी लग्न केलं नाही, त्याचं करायचं चाललं होतं.

आई रडली नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतर कधीच नाही. त्याचं नाव घेणंसुद्धा तिने बंद केलं. मी त्याचा फोटो मोठा करून आणला तर म्हणाली, "तो भिंतीर लावू नको." बस, एवढंच. फोटो कपाटावर उलटा पडून राहिला. घरात दोन बायका आणि त्यातली एक मुकी, असं वर्ष काढलं आम्ही. डॉक्टर म्हणाले, त्यांना एकदा रडू द्या. जसं काही मी अडवून धरलं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. गावची माणसं येणार, मालाडचे काका येणार, फोटो तर मांडावाच लागणार. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की फोटो नको असेल तर चित्र काढते. फोटो तिला मेलेल्या माणसाचा वाटत असेल. चित्रात माझा हात आहे, माझी मेहनत आहे, निदान त्यासाठी तरी ती एकदा वर बघेल. मला दुसरं काही नको होतं. आईने एकदा त्याच्याकडे बघावं, आणि काय व्हायचं ते होऊन जावं.

कॅनव्हास ठेवायचं ईझल मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावलं. नितेशच्या फोनमध्ये त्याने स्वतःच काढलेली एक सेल्फी होती, त्याच्यावर चौकोन आखून कॅनव्हासवर चेहरा उतरवला. डोळ्यांनी माझे फार हाल केले. जिवंत माणसाचे डोळे ओले असतात, आणि ती ओल म्हणजे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका केसभर सरकला की माणूस तिरळा दिसतो. तीनदा पुसला. आई पलीकडे सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती, पाठ माझ्याकडे. "आई, बघ ना जरा, नाक जमलंय का?" तर म्हणाली, "माका काय कळता त्यातला?" मान वळवली नाही.

केस सगळ्यात सोपे जातील असं वाटलं होतं. नितेशचे केस म्हणजे निव्वळ काथ्या, उभे ते उभेच. लहानपणापासून त्या केसांवरून घरात कटकट. मी अंबरमध्ये थोडा निळा मिसळून काळपट केला, पटापट मारला आणि खूश होऊन झोपले. सकाळी बघते तर गडद रंग सुकताना बसला होता, म्हणजे चमक जाऊन अगदी मातकट, रखरखीत झाला होता. गंधालीला फोन केला तर म्हणाली, "होतं तसं ताई. गडद भागातलं तेल खालचा थर पिऊन टाकतो. शेवटी बघू." ठीक आहे म्हटलं आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी मालाडच्या ऑफिसातून घरी आले तर केस चमकत होते.

मी बोट लावलं. ओले. सकाळी सुकलेला रंग संध्याकाळी ओला, हे कुठल्या शास्त्रात बसतं? म्हटलं, दमट हवा असेल. दुसऱ्या दिवशी अजून ओले. तिसऱ्या दिवशी तर केसांत बारीक बारीक समांतर रेघा उठलेल्या. मी ब्रशला दोष दिला. ब्रश बदलला, परत रंगवलं. परत तेच. ट्यूब बदलली. रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाची बाटली बदलली. दुकानदाराशी भांडले, बिचारा म्हणाला की मॅडम, तुमच्याशिवाय कोणाची तक्रार नाही.

क्लासात चित्राचे फोटो दाखवले. गंधालीने ते मोठे करून बघितले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लवंगेचं तेल घातलंत का? त्याने रंग सुकत नाही."

"मी काय मसाले घालतेय त्यात?"

"मग दुसरं कसलं तरी तेल आहे हे. जवसाचं नाही."

मी भडकले. मला एवढं कळत नाही का, कुठलं तेल घालायचं? पण घरी येताना मनात शंका आली. आपणच चुकून काही ओततोय का? वर्षभरात धड झोप नाही. दोनदा गॅस चालू ठेवून ऑफिसला गेले होते. आता हेही करत असेन.

आणि त्यानंतर भांग सरकला.

चेष्टा नाही करत. मी नितेशचा भांग चित्रात डाव्या बाजूला पाडला होता, फोटोत होता तसाच. एका संध्याकाळी येऊन बघते तर तो उजव्या बाजूला. मी फोन काढला, आदल्या दिवशीचा चित्राचा फोटो उघडला, शेजारी धरला. काल हा इकडे, आज हा तिकडे. अंगावर काटा आला हे सांगायला मला लाज नाही.

आमच्या शेजारच्या शकुमावशी दुपारी सिरियल बघायला आईकडे येतात. त्यांना गाठलं. "मावशी, तुम्ही माझ्या चित्राला हात लावलात का?"

त्या एवढ्या रागावल्या की बोलायची सोय नाही. "मी कशाला लावू? माझी साडी खराब करून घ्यायला?" मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "सुगंधा, राग मानू नको. वर्ष व्हायच्या आत जीव घुटमळतो घरात. तरणाताठा गेला गं तो."

"मावशी, भलतंसलतं बोलू नका," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. पण खरं सांगू? दार लावल्यावर मी चित्रासमोर उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "नित्या, तू आहेस का रे?" मॅट्रिकपासून देव न मानणारी मी. कुणी बघितलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. आई आत भाकऱ्या थापत होती, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मी चित्रावर टॉवेल टाकायला लागले. संध्याकाळी टॉवेल तसाच, घडीसुद्धा तशीच, आणि खाली केस ओले. आता मला खरंच काही सुचेना. श्राद्ध चार दिवसांवर, चित्राची वाट लागलेली, आणि मी ऑफिसात बसून बॅलन्स शीटवर भांग काढतेय, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

त्या गुरुवारी ऑफिसची लाइट गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी लॅच उघडून आत आले. टीव्ही बंद होता, शकुमावशी सिरियल बघून गेलेल्या.

आई ईझलसमोर स्टुलावर बसली होती. टॉवेल नीट घडी करून मांडीवर. बाजूला खोबरेल तेलाची वाटी, गावाहून येतं ते, घाण्याचं. तिने दोन बोटं वाटीत बुडवली, तळहातावर तेल चोळलं आणि नितेशच्या केसांवरून हात फिरवला. सावकाश, कपाळाकडून मागे. मग नितेशचा काळा कंगवा घेतला, उजव्या बाजूला भांग धरला आणि विंचरायला लागली. मी वर्षभर ज्या गोष्टीसाठी जीव टाकत होते ती गोष्ट रोज दुपारी माझ्या पाठीमागे होत होती.

आणि माझ्या तोंडातून पहिलं काय आलं, तर ओरडणं. "आई, काय करतेस? सगळं चित्र घालवलंस माझं."

ती दचकली नाही. "कित्या वराडतस गो? केस बघ तेचे. सुके ठणठणीत. आणि भांग उलटो पाडलंस तू."

"उलटा कसा? फोटोत बघ." मी फोन तिच्यासमोर धरला.

"फोटो ऱ्हवांदे. जलमभर मी इंचरलंय तेका. तेचो भांग ह्या बाजून."

मी फोनकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. सेल्फी. आरशासारखी उलटी निघते ती. शर्टाचा खिसासुद्धा चुकीच्या बाजूला होता आणि मी तो तसाच चौकोन मोजून रंगवला होता. सख्खी बहीण मी, रोज समोर बसून जेवलेली.

"अगं पण ते चित्र आहे ना आई," मी म्हणाले. "त्याला तेल लावून काय होणार?"

"माका म्हायत हा तां. माका येड नाय लागलाहा. नितेश गेलो तां माका म्हायत हा."

वर्षाने तिच्या तोंडून त्याचं नाव आलं. मी हलले नाही, हलले तर ती थांबेल अशी भीती वाटली.

कंगव्याच्या दातांतला रंग पदराला पुसत ती म्हणाली, "त्या दिशी तेका बांधून हाडल्यानी. फकत तोंड उघडा. न्हावक घालतत, डोक्याक तेल लायतत, तां काय करूक दिल्यानी नाय. उशीर नको म्हणाले सगळे. दर आयताराक लायत होतंय मी. तसोच गेलो, सुक्या केसांन."

हॉस्पिटलमधून पोस्टमॉर्टेम होऊन आणलं तेव्हा त्याच्या डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती, हे मला आठवत होतं. आई तेव्हा पुढे झाली होती आणि कुणीतरी तिला मागे ओढलं होतं, हेही आठवत होतं. आम्हाला वाटलं, तिला मिठी मारायची आहे.

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. राग कुठे गेला कळलं नाही. खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त आईची माया आली, आणि नितेशवर चिडायलाही झालं, असा न सांगता निघून गेला म्हणून.

त्याच संध्याकाळी मी केस टर्पेंटाइनने पुसले. सगळं खोबरेल निघेपर्यंत पुसले, खाली कापड दिसेपर्यंत. आईला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "भांग कुठून?" तिने बोटाने रेघ दाखवली, मी तिथून काढला. "मागे जरा उठलेले असतत," ती म्हणाली. उठवले. शर्टाचा खिसाही हलवला. शनिवारी सकाळी केस कोरडे होते, आणि अर्थात पहिल्यासारखे मातकट, रखरखीत.

गंधालीला फोन केला. खरं कारण तिला सांगितलं नाही, फक्त विचारलं, आता काय करू. ती म्हणाली, "शेवटी बघू म्हटलं होतं ना, ते हेच. थोडं जवसाचं तेल घ्या, फक्त केसांवर बोटाने चोळा, जास्तीचं कपड्याने टिपून घ्या. असंच करतात ताई सगळे. तेल दिलं की रंग वर येतो."

मी फोन ठेवला आणि जवसाच्या तेलाची बाटली आईच्या वाटीशेजारी नेऊन ठेवली.

रविवारी श्राद्ध. माणसं यायच्या आधी, आंघोळीपूर्वी, मी वाटीत जवसाचं तेल ओतलं आणि आईच्या हातात दिलं. "हे लाव. हे सुकतं."

तिने वास घेतला. "ह्यो वास तेका आवडाचो नाय."

"चालवून घेईल."

तिने तळहातावर तेल चोळलं आणि कपाळाकडून मागे हात फिरवला. गडद रंग तिच्या बोटांखाली हळूहळू वर आला, काळा, ओला, त्याच्याच केसांसारखा. ती परत परत हात फिरवत राहिली, आता पुरे हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं आणि मी सांगितलं नाही. मग तिने कपाळ चित्राला टेकवलं आणि रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरासारखी.

काका आले तेव्हा हार घालायला पुढे झाले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, हार खाली ठेवा, केस ओले आहेत.