कांगारूची ओटी

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास कांगारूची मादी मृदुलाच्या दारात आली, पाय पुसून आत शिरली आणि पाटावर बसली. ॲडलेडला येऊन मृदुलाला सहा वर्षं झाली होती. पण दारी आलेल्या लेकुरवाळीला रिकाम्या ओटीनं पाठवू नये, एवढं काही ती विसरली नव्हती. तिनं हळदीकुंकू लावलं, तांदूळ, खण, नारळ घेतला. बघते तर काय, ओटी आधीच भरलेली! पिशवीत बोटाएवढं, बिनकेसांचं पिल्लू दूध पीत लटकलेलं. मग बाईनं काय करावं? पिल्लू अलगद सोडवून सोफ्यावर ठेवलं आणि नारळ आत बसवला. कांगारू निघून गेली. पिल्लू दिवेलागणीआधीच गार पडलं.

"हात दाखवून अवलक्षण," तिचा नवरा श्रीरंग म्हणाला.

मृदुला खूप रडली. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

बुधवारपासून त्यांची पाच वर्षांची शाल्मली लहान होऊ लागली. आधी फ्रॉक सैल झाला. शुक्रवारी ती आमटीच्या वाटीत मावली, रविवारी केस गेले. डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, "वयाच्या मानानं ठीक आहे." आता बोला! दुलई, हीटर, आईची कूस, कशानंच पोरीला ऊब येईना.

पुढच्या मंगळवारी फाटकाशी रांग लागली. अशा बातम्या पसरायला वेळ लागतो होय? वोम्बॅटची पिशवी मागच्या बाजूनं उघडते, म्हणून ती पाठमोरी उभी होती. समुद्रसिंहाच्या मादीला पिशवीच नव्हती, तिनं टॉवेल पसरला होता. देवमाशाची मादी सबंध रस्ता अडवून पडली होती आणि शेजारी तिच्यावर बादल्या ओतत होते. सगळ्यांत पुढे तीच कांगारू. तिनं नारळ उंबऱ्यावर परत ठेवला आणि रिकामी पिशवी उघडी धरली.

"परत देईल ती?" श्रीरंगनं विचारलं.

"मी तिचं कुठं परत दिलं?" मृदुला म्हणाली. "पण इथं पोर गार पडतेय हो."

तिनं बोटाएवढी लेक आत ठेवली.

"आई, इथं ऊब आहे," आतून आवाज आला. मृदुलाचा जीव भांड्यात पडला.

मग आवाज जरा लांबून आला. "आई, इथून खाली पायऱ्या आहेत."

मृदुलानं हात घातला. तो कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी बोटांना काहीच लागेना. कांगारूनं कान टवकारले आणि उडी घ्यायला पाय आवळले.