छोटीची खडूस लायब्ररी

छोटीने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड, इनमिन चार फायलींची, कुणीही फुकट वापरावी अशी. काम एकच. प्रोग्राममध्ये नुसता आकडा शिरू लागला की त्याला "चूक" म्हणून दारातच अडवायचं. जणू म्हणायचं, "दहा काय? मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? आधी सांगा, मग पुढे जा." वापरणारे वैतागून तिला खडूस म्हणायचे आणि छोटीला ते नाव भारी आवडायचं.

तिची ताई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. तिथलं औषधांचं सॉफ्टवेअर या खडूसच्याच भरवशावर चालायचं. एके दिवशी ते सॉफ्टवेअर बनवणारा इंजिनियर फोनवर म्हणाला, "मॅडम, प्रत्येक वेळी एकक टाइप करून नर्स कंटाळल्यात. एकक नसेल तर मिलिग्रॅम धरा, एवढी सोय करा. नाहीतर शुक्रवारी तुमची लायब्ररी काढून टाकतो."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर ताईच्या वॉर्डातला पहाराच उठणार. हो म्हणावं तर तो असून नसल्यासारखा.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने ताईला विचारलं, "कागदावर नुसता आकडा असला तर काय करतेस गं?"

"डॉक्टरांकडे परत जाते. ते गुरगुरतात. गुरगुरू देत! अंदाजपंचे औषध द्यायला मी काय वेडी आहे?"

छोटीचं ठरलं. पण नर्सचा वैताग खोटा नव्हता, हेही तिला पटलं. खडूस नुसतं "चूक" म्हणून गप्प बसायची आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागायचं. छोटीने तिला बोलायला शिकवलं. आता ती चालणारी एककं समोर मांडायची, त्यातल्या एकावर बोट ठेवलं की झालं. मात्र आपण होऊन एकही निवडायची नाही.

"अंदाज मिळणार नाही," तिने इंजिनियरला ठणकावलं. "काढायची तर खुशाल काढा."

शुक्रवार आला नि गेला. खडूस जागची हलली नाही. इंजिनियरचा निरोप आला, "नर्सची कुरकुर थांबली."

पुढच्याच आठवड्यात ताई डबल ड्यूटी करून आली आणि चपलांसकट खुर्चीत बसली.

"आज घाईत मी नुसते पंधरा टाकले. तुझी खडूस अडून बसली, पंधरा काय म्हणून. अस्सा राग आला! मिलिग्रॅमवर बोट ठेवणार, तोच कागद पुन्हा पाहिला. मायक्रोग्रॅम होतं गं. हजारपट गेलं असतं."

छोटीने घाईने विचारलं, "बाळ कसंय?"

"दूध पिऊन झोपलंय मस्त." ताईने तिचा हात घट्ट धरला. "खडूसच राहू दे हं तिला."