नव्व्याण्णव टक्के

लाँड्रीवाल्याचं आणि त्याच्या मेहुणीचं कधीच पटलं नव्हतं. मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. "सुया टोचून टोचून बाईची जीभही तशीच झालीये," असं तो चारचौघांत म्हणायचा. तिच्या लेखी तो पक्का कवडीचुंबक होता, आणि तीही ते चारचौघांतच म्हणायची.

त्या दुपारी ती आली, तर बहीण इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून बसलेली. आठ दिवस डोकं ठणकत होतं, आज दोनदा उलटी झाली होती. शेजारीच गॅसचा बॉयलर भडभडत होता. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लाँड्रीवाल्यानं एकुलत्या खिडकीवर फळी ठोकली होती.

"नाटकं नुसती," तो म्हणाला. "हॉटेलच्या चादरी आल्या की हिचं डोकं बरोबर दुखतं." त्यानं बायकोच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "बघा, नव्व्याण्णव! गाल कसे लाल आहेत!"

"त्या लालीचीच भीती वाटतेय. या बॉयलरचा धूर जातो कुठून?"

"मला शिकवू नका."

पण तिनं वर पाहिलं. धुराचा पाइप सांध्यातून निखळून लोंबत होता.

"आता शिकवतेच. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूत लोहाचे चार अणू असतात. फुप्फुसात त्यांच्यावर ऑक्सिजन बसतो आणि अंगात लागेल तिथं उतरतो. नीट न जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो त्याच जागा बळकावतो, ऑक्सिजनच्या दोनशे पट घट्ट. उरलेल्या ऑक्सिजनलाही सहजी उतरू देत नाही. रक्त मात्र लालच राहतं. तुमचं हे खेळणं रंग बघतं. जागेवर कोण बसलंय, ते त्याला कळत नाही."

"चादरी संपल्याशिवाय ती उठणार नाही," तो दारात आडवा उभा राहिला.

बहीण उठायला गेली आणि तिचे गुडघेच वाकले. मेहुणीनं त्याला खांद्यानं बाजूला ढकललं आणि बहिणीला ओढत रस्त्यावर आणलं.

इस्पितळात बहिणीला ऑक्सिजन लावला. रक्त मेहुणीनंच तपासलं. एकोणतीस टक्के हिमोग्लोबिन त्या वायूनं अडवलं होतं.

"रिपोर्टात लाँड्रीचा उल्लेख नको," लाँड्रीवाला गुरगुरला.

"हात पुढे करा."

तिनं त्याचंही रक्त तपासलं. दुकानाच्या पुढच्या भागात, गल्ल्यावर बसूनही त्याचं बारा टक्के निघालं.

"ते माझ्या सिगारेटींचं."

"मग बायको कुठल्या सिगारेटी ओढते, भावोजी?"

संध्याकाळी बहिणीनं मास्क बाजूला केला. "पाइप बसवा, फळी काढा. तोवर मी ताईकडे राहीन."

"हे तिनंच भरवलंय तुझ्या डोक्यात!"

"आठ दिवस मी सांगत होते. तेव्हा ताई नव्हती."

चौथ्या दिवशी, शिव्या घालत का होईना, त्यानं पाइप बसवला आणि फळी काढली. बहीण परत गेली. मेहुणीला त्यानं दुकानाची पायरी चढायला बंदी केली. ती दर शनिवारी येते, त्याच्याकडे न बघता थेट मागे जाऊन सांधा तपासते आणि तशीच निघून जाते.