जास्तीची गाठ

रबरी पोटाला टाके घालायचे म्हटल्यावर मोठे डॉक्टर आधी हसले, मग चिडले. ज्या माणसाने उभी हयात खरी पोटं शिवली, त्याची रबराच्या तुकड्यावर परीक्षा! आणि परीक्षक कोण, तर स्वतःची सून.

सून काही हसली नाही. ऑपरेशननंतर पोट बंद करायच्या दोन पद्धतींपैकी कोणती जास्त टिकते, हे ठरवणारी चाचणी तिने हट्टाने उभी केली होती. प्रत्येक पद्धतीत सगळ्या सर्जननी टाका एकाच तऱ्हेने घालायचा, नाहीतर तुलना पद्धतींची न होता हातांची होईल, हे तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. म्हणून चाचणीआधी प्रत्येक सर्जनची ही परीक्षा.

सासऱ्यांचे टाके देखणे पडले. फक्त शेवटी त्यांनी ठरल्यापेक्षा एक गाठ जास्त मारली. तिने पुन्हा करायला लावलं. या खेपेला तिच्याकडे बघत बघत त्यांनी तीच गाठ मारली.

"या गाठीमुळे माझं एकही पोट उसवलं नाही."

"असेलही, बाबा. पण मग पोट पद्धतीमुळे टिकलं की गाठीमुळे, हे कसं कळायचं?"

हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की निम्मे पेशंट मोठ्या डॉक्टरांचे. ते रुसले तर चाचणी बसलीच. नवऱ्याचा फोन आला, एका गाठीपायी घर कशाला डोक्यावर घेतेस म्हणून. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि परत येऊन सासऱ्यांना सर्वांदेखत नापास केलं.

मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आता तुझा व्हिडिओ लाव."

तो व्हिडिओ म्हणजे सगळ्यांना शिकवण्यासाठी तिने स्वतः घातलेले टाके. पडद्यावर तिचे हात सरसर चालले, आणि अखेरीस बोटांनी सफाईने एक गाठ जास्त मारली. विद्यार्थिनी असताना त्यांच्याच हाताखाली शिकलेली. इतके दिवस ती गाठ कुणाला खटकली नव्हती, तिलासुद्धा. तिचे कान लाल झाले.

अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. "चला, मिटलं. दोघंही पास."

"दोघंही नापास," ती म्हणाली. "आणि हा व्हिडिओ बघून शिकले ते सगळेच. पहिल्यापासून सुरू करायचं."

असा वेळ घालवणार असाल तर चाचणीवर दुसरा प्रमुख नेमावा लागेल, असं अधीक्षकांनी बजावलं.

"खुशाल नेमा. त्यालाही आधी या परीक्षेच्या खुर्चीत बसावं लागेल."

आणि ती स्वतःच खुर्चीत बसली. नवीन रबरी पोट पुढे ओढून तिने सासऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. टाके सरळ गेले. ठरलेल्या गाठी झाल्या, तरी तिची बोटं आपोआप दोऱ्याचा आणखी एक फास करू लागली.

"थांब," मोठे डॉक्टर म्हणाले.

बोटं थांबली. त्यांनी स्वतः कात्री उचलून दोरा कापला, मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"ऊठ आता. माझी पाळी."