लिंडनरचे ठिपके

“अंग अजून कोमट आहे हो, डॉक्टरसाहेब. माझा तर हात धजत नाही,” शवघराचा म्हातारा नोकर प्रोकोप म्हणाला.

“तुला कोण चिरायला सांगतंय? लेखणी धर. मी सांगतो ते उतरव,” डॉक्टर हुटर म्हणाला.

टेबलावर लिंडनर होता. जाऊन अर्धा तास झालेला. तो आणि हुटर एकाच वर्गात शिकलेले, एकाच खानावळीत जेवलेले. पुढे लिंडनर प्राध्यापक झाला. अंग सुजून मेलेल्यांच्या मूत्रपिंडांवर त्याला राखाडी ठिपके आढळले, रोगाचं मूळ तेच असं त्याने मांडलं, आणि अख्खं व्हिएन्ना त्यांना ‘लिंडनरचे ठिपके’ म्हणू लागलं. हुटर मात्र प्रेतंच चिरत राहिला. खरं तर ते ठिपके त्याने आधी पाहिले होते. पाहिले, किरकोळ डाग समजून सोडून दिले, आणि विसरला. हेच बावीस वर्षं त्याला आतून जाळत होतं.

“ठिपके माणूस मेल्यावर उठतात, प्रेत पडून राहिल्यामुळे,” असं तो ज्याला त्याला सांगे. चोवीस तासांच्या आत कुणाला उघडायचं नाही असा इस्पितळाचा नियमच होता, त्यामुळे लिंडनरला ते खोडून काढता येईना.

गेल्या महिन्यात लिंडनरचंच अंग सुजलं. त्याने वरिष्ठांची परवानगी काढून लिहून ठेवलं: मी गार पडायच्या आत मला उघडा, आणि सुरी हुटरच्याच हाती द्या.

“मेला तरी खोड गेली नाही,” हुटर म्हणाला.

“तुमच्यावर भरवसा होता त्यांचा.”

“भरवसा कसला! माझी जिरवायची होती.”

“मग नका जिरवू देऊ. इथं तुम्ही नि मी. मला एवढं बारीक कुठं दिसतंय? तुम्ही बोलाल ते लिहीन.”

हुटरने सुरी चालवली. नसू देत, देवा, एवढं एकदा नसू देत, असं तो मनात घोकत होता. मूत्रपिंड हातात आलं, गरम. त्याने ते पुसलं. पुन्हा पुसलं.

“लिही. दोन्ही मूत्रपिंडांवर...” तो थांबला. आजवर त्याने नोंदीत ‘राखाडी डाग’ एवढंच सांगितलं होतं. “लिंडनरचे ठिपके.”

प्रोकोपने मान वर केली. “नाव घालू?”

“घाल. आणि अंग गरम होतं, तेही लिही.”

मत्सर गेला होता असं नाही. तो होताच, छातीत, जागच्या जागी. पण टाके घालायला प्रोकोप पुढे झाला तेव्हा हुटरने त्याला मागे सारलं, सुई स्वतः ओवली, आणि लिंडनर पुरता गार होईपर्यंत बारीक बारीक टाके घालत बसला.